आधी रांग, मग राज्य

माझ्या पहिल्या घरमालकांना हळू बोलता येत नसे. पिठाच्या गिरणीत उभा जन्म गेलेला, कान मशीननं खाल्लेले. गिरणी बंद असली तरी ते चालू गिरणीच्या वरताण आवाजात बोलत. सकाळी त्यांनी मावशींना, म्हणजे आपल्या बायकोला, 'चहा झाला का?' असं विचारलं की अर्ध्या आळीला आपापल्या चहाची आठवण होई. दुसऱ्यांचं बोलणं मात्र ते ओठांवरून बरोबर ओळखत. त्यामुळे त्यांच्यासमोर कुजबुजण्यात काही अर्थ नव्हता. ती कुजबुज ते उलट मोठ्यांदा सगळ्यांना ऐकवत आणि वर विचारत, "असंच म्हणला ना तू?"

सेनगाव तालुक्यातल्या त्या गावात मी ग्रामसेवक म्हणून रुजू झालो तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. हिंगोली जिल्हा व्हायची होती, आम्ही परभणीत मोडत होतो. गावात भाड्यानं मिळण्यासारखी एकच खोली होती आणि ती गिरणीच्या भिंतीला चिकटून. दिवसभर भिंत थरथरायची. माझ्या कपड्यांवर, चष्म्यावर, ग्रामपंचायतीच्या रजिस्टरांवर ज्वारीच्या पिठाचा पातळ थर असायचा. तालुक्याला मीटिंगला गेलो की साहेब म्हणायचे, "आले का पीठवाले?" त्यांना वाटे मी चिडेन. सुरुवातीला चिडायचोही.

काका (सगळं गाव त्यांना काकाच म्हणायचं) डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. भुवया इतक्या पांढऱ्या की त्या वयानं झाल्यात की पिठानं, हे आंघोळीनंतरच कळे. त्यांच्याजवळ दोन चष्मे होते. एक कामाचा, ज्यातून त्यांना काय दिसे देव जाणे. दुसरा पत्र्याच्या डबीत फडक्यात गुंडाळलेला, तो फक्त पेपर वाचायला. आणि रामराम घालण्याऐवजी ते माणसाला विचारत, "मंग, काय ठरवलं?"

पहिल्याच दिवशी मलाही विचारलं. मी गोंधळलो. म्हटलं, "कशाचं?"

"कशाचं बी. माणूस सकाळी उठला म्हंजे कायतरी ठरवून उठला पायजे. न्हाई तर उठायचं काहून?"

मी काहीच ठरवलेलं नव्हतं. नोकरी टिकवायची आणि कुणाच्या अध्यातमध्यात पडायचं नाही, एवढंच माझं धोरण होतं. मी ते बोललो नाही, पण त्यांनी बहुतेक तेही ओठांवरून वाचलं असावं.

बी.ए.ला माझा विषय राज्यशास्त्र होता. क्रांतीचा एक अख्खा धडा मला पाठ होता: राजे कसे गेले, तुरुंग कसे फुटले, कुठं काय जळलं. नव्या माणसावर छाप पाडावी म्हणून एकदा मी त्यांना ते सगळं ऐकवलं. काका गिरणीचा पट्टा घसरू नये म्हणून त्याला राळ लावत शांतपणे माझ्या ओठांकडे बघत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "निजाम गेला तवा मी सतरा-अठरा वर्साचा असंल. समदं ह्या डोळ्यांनी पाहिलं. झेंडा बदलला, आमी हलगी वाजवू वाजवू हात सुजवून घेतले. वाटलं, आता समदं निराळं. दुसऱ्या दिशी आडावर गेलो, तर पाणी भरायची रांग कालचीच. वरचे वर, खालचे खाली. राजा गेला, सायेब, रांग तीच राह्यली. तवाच ठरवलं, आपुन राजाच्या मागं लागायचं न्हाई. रांगेच्या मागं लागायचं. आधी रांग, मग राज्य."

मला त्या वेळी हे गमतीचं वाटलं. गिरणीवाल्याला सगळीकडे रांगच दिसणार, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

त्यांच्या गिरणीतली रांग तोवर कशी होती तेही सांगायला हवं. पहिला डबा आबांचा. आबा म्हणजे गावचे कायमचे सरपंच, मोठे जमीनदार, मवाळ बोलणारे, पांढरंशुभ्र धोतर नेसणारे. त्यांनी आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता, कारण तशी वेळच येत नसे. त्यांच्यामागून त्यांच्या भाऊबंदांचे डबे, मग बाकीचं गाव, आणि सगळ्यांत शेवटी दलित वस्ती आणि टेकडीवरचा तांडा. शेवटच्यांचं दळण व्हायला कधी संध्याकाळ होई, कधी मध्येच विजेची लाईन जाई आणि डबा उद्यावर पडे. हा काही कायदा नव्हता. आबांच्या घरी देवाचा नैवेद्य पहिल्या दळणाच्या पिठाचा व्हायचा, दुसऱ्या कुणाचं पीठ त्यात मिसळता कामा नये, एवढंच कारण. आणि काका काय करत होते? वाट बघत होते, असं ते नंतर म्हणाले. मावशींचं म्हणणं, हिंमत होत नव्हती. दोघंही खरं बोलत असावेत.

ती वेळ आणली जमनाबाईनं.

जमनाबाई तांड्यावरची. तिशीची, उंच, भरभर चालणारी. तांड्यावरची निम्मी घरं दरसाल ऊसतोडीला जात, त्यातलंच तिचं एक. ट्रक दुपारी निघणार होता आणि महिनाभराचं पीठ सोबत न्यायचं होतं, म्हणून ती दिवस उगवायला डोक्यावर डबा घेऊन गिरणीच्या दारात येऊन बसली. काकांनी दार उघडलं, तिचा डबा घेतला, मशीन चालू केली. अर्धं दळण झालं तोच आबांचा गडी आला. त्याला काय चाललंय तेच समजेना. तो धावत गेला आणि आबांनाच घेऊन आला. गड्याचा आरडाओरडा ऐकून मी खोलीतून बाहेर आलो, तोवर आळीतली माणसंही जमली होती.

आबा नेहमीसारखे हळूच म्हणाले, "तिचं काढ. आमचं घाल. आमच्या देवाचा नैवेद्य त्याच पिठाचा होतो, तुला म्हाईत आहे."

काकांनी बटण दाबून मशीन बंद केली. गिरणी थांबल्यावर गाव एकदम रिकामं झाल्यासारखं वाटायचं. त्या शांततेत काका आपल्या नेहमीच्या, म्हणजे चार गल्ल्यांना जाईल अशा आवाजात बोलले.

"आबा, एक गोष्ट सांगू का? मशीन कितीबी झाडा, दगडाच्या पोटात मूठभर पीठ राह्यतंच. आधीच्याचं पीठ पुढच्याच्या डब्यात उतरतं. हे बराबर का? आता मला सांगा, रोज सकाळी पैला डबा कोणाचा? तुमचा. आन् आदल्या दिशी शेवटचा डबा कोणाचा? तांड्याचा, न्हाई तर वस्तीचा. मंग इतकी वर्सं त्यांचं मूठभर पीठ रोज कोणाच्या देवापुढं गेलं?"

कुणी हसलं नाही. हसण्यासारखं ते नव्हतंच. मी आबांच्या तोंडाकडे बघत होतो. ते रागावले नव्हते, हिशेब लागल्यासारखे उभे होते. पहिलं असण्याच्या हट्टापायी ते रोज शेवटच्याला जाऊन चिकटत होते, आणि हे इतकं साधं होतं की पिढ्यान् पिढ्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ज्याच्या डोक्यात आलं होतं तो माणूस इतका काळ गप्प होता. आबा वळले आणि निघून गेले. काकांनी खिशातून खडू काढला, जमनाबाईच्या डब्याच्या झाकणावर एकचा आकडा घातला आणि जाहीर केलं, "आजपासून नंबर. ज्याचा डबा आधी, त्याचं दळण आधी. कोणाला तकलीफ व्हत असंल त्यानं जातं घ्यावं."

आबांनी जातं घेतलं नाही, गिरणीच घेतली. दोन महिन्यांत त्यांच्या गोठ्याशेजारी नवीकोरी गिरणी बसली. तिथं फक्त घरंदाज लोकांचं दळण. गावातली निम्मी घरं आबांच्या भिडेनं तिकडे वळली. काकांच्या गिरणीत दुपारी चिमण्या येऊन बसायला लागल्या. मावशी माझ्यासमोर त्यांना बोलल्या, "झालं का समाधान? चांगली चालती गिरणी घालवली." काका म्हणाले, "गिरणी गेली तर जाऊ दे. मरायच्या आधी ही रांग चावडीत गेलेली पाह्यची मला. तेवढंच ठरवलंय." त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की या माणसानं खरंच आपलं सगळं या एका गोष्टीवर लावलंय. एवढं ठरवून मी आयुष्यात काहीच केलं नव्हतं.

आबांची गिरणी वर्षभरही चालली नाही. मशीन उत्तम होती. मोडली ती मानापमानानं. काकांनी गावाला एकदा सांगून ठेवलं होतं की आधीच्याचं पीठ पुढच्याच्या डब्यात उतरतं, आणि ते आता कुणाच्या डोक्यातून जाईना. घरंदाजांतही पहिला कोण? थोरल्या वाड्याचा डबा आधी की धाकट्याचा? आबांच्या चुलतभावाच्या घरी लग्न निघालं, त्यांचं लग्नाचं दळण आबांच्या सोयऱ्याच्या डब्यामागं लावलं. चुलतभावाची बायको, शांताबाई, त्या गिरणीच्या दारातून भरलेला डबा तसाच उचलून घरी घेऊन गेली. "आमच्या लग्नात यांचं उष्टं काहून?" एवढंच म्हणाली. मग एकेक घर रुसत गेलं. खालची रांग कापून टाकली की वरच्यांतच नवी खालची रांग तयार होते, हे मला माझ्या धड्यात कुणी शिकवलं नव्हतं.

एका सकाळी आबांचा गडी काकांच्या गिरणीत आला. डबा रांगेच्या शेवटी ठेवला आणि मान खाली घालून उभा राहिला. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. काका त्यांच्यावर केवढ्यांदा ओरडले! "हसायचं न्हाई. डबा हाय तो. डब्याला इज्जत असते." मग त्या डब्याच्या झाकणावर अकराचा आकडा घातला आणि अकराव्या नंबरालाच दळून दिलं. एक पसा कमी नाही, एक मिनिट आधी नाही. या माणसाच्या खोलीत मी भाडेकरू आहे याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला, आणि तालुक्याच्या साहेबांनी पुन्हा 'पीठवाले' म्हटलं तेव्हा मी चक्क हसून मान डोलावली.

रांग जमली तसा काकांनी दुसरा उद्योग काढला. दुपारी लाईन गेली की बायका डब्यांपाशी पोत्यांवर बसून राहत. काका डबीतून चांगला चष्मा काढत आणि दोन दिवसांचा शिळा पेपर मोठ्यांदा वाचत. बातमी संपली की समोरच्या बाईला विचारत, "याच्यावर तुमचं काय म्हणणं?"

आपल्याकडे बाईचं याला ठरलेलं उत्तर असतं: आमाला काय कळतंय. काकांनी नियमच केला. जी 'आमाला काय कळतंय' म्हणेल तिचा डबा रांगेत एक घर मागं.

सुरुवातीला नुसता गोंधळ झाला. डबा मागं जाऊ नये म्हणून बायका तोंडाला येईल ते बोलायच्या. कुठल्याशा मंत्र्यानं पुलाचं उद्घाटन केल्याची बातमी फोटोसकट आली होती. वस्तीवरची एक म्हातारी फोटो निरखून म्हणाली, "पुलाचं मला म्हाईत न्हाई बाबा, पण हा मंतरी लई वाळून राह्यला. घरी खाऊ घालत न्हाईत वाटतं." काका गंभीरपणे म्हणाले, "बराबर. हे बी एक मत हाय." डबा जागेवर राहिला. मग हळूहळू मतांना धार आली. परक्या देशातलं सरकार पडल्याची बातमी होती, ऊसतोडीहून परत आलेली जमनाबाई म्हणाली, "पडलं तर पडलं. पण ते बसवताना तिथल्या बायांना इचारलं व्हतं का?" यावर अशी काही चर्चा पेटली की लाईन आली तरी कुणी उठेना. शांताबाईही यायची. आधी भिंतीकडे तोंड करून बसायची, मग तीही बोलायला लागली.

एकदा मलाही विचारलं. मी म्हटलं, "काका, मी सरकारी माणूस. मला मत नसतं."

"मंग तुमचा डबा पार शेवटी, नालीपाशी न्यावा लागंल," काका म्हणाले. आणि खरंच नेऊन ठेवला. ते दळण मला दुसऱ्या दिवशी मिळालं. रात्री मावशींनी दोन भाकरी दिल्या म्हणून जेवलो.

मधल्या काळात हिंगोली जिल्हा झाली. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, माझ्या टेबलावर नव्या नावाचे कागद आले. मी मोठ्या उत्साहानं काकांना सांगायला गेलो. ते म्हणाले, "चांगलं झालं. तांड्याचा रस्ता आला का?" आला नव्हता.

पुढच्या निवडणुकीत सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं. आबांना त्याची फारशी चिंता नव्हती. त्यांच्या घरात बाई होती. माई, म्हणजे त्यांची बायको, सरपंच होणार आणि आबा कारभार बघणार, हे मारुतीच्या पारावर ठरून गेलं. मीसुद्धा ते ठरलेलंच धरून चाललो होतो. सातजणांची ग्रामपंचायत निवडून आली, त्यात आबांचे चार. जमनाबाई तांड्याच्या वॉर्डातून आली. तिच्या प्रचाराला ना जीप होती ना भोंगा; गिरणीत तिची बाजू अगोदरच मांडून झाली होती. आबांच्या चारांत एक माई होती, आणि दुसरी शांताबाई, कारण भाऊबंदांना एक जागा द्यावीच लागते.

सरपंच निवडायची सभा मी विसरणार नाही. तालुक्याहून आलेले अधिकारी खुर्चीत, मी बाजूला रजिस्टर घेऊन. खिडकीबाहेर काका. आत यायची त्यांना परवानगी नव्हती, पण त्यांना ऐकायचं थोडंच होतं, ओठ दिसले की पुरे. माईंचं नाव आलं, जमनाबाईचं नाव आलं. हात वर करायची वेळ आली. जमनाबाईकडे तीन हात. माईंकडे तीन. शांताबाईचे दोन्ही हात मांडीवर.

आबांचा पुतण्या त्या चारांतलाच; त्यानं तिला डोळ्यांनी खुणावलं. अधिकारी म्हणाले, "बाई, तुमचं काय म्हणणं?"

शांताबाई एकदा पुतण्याकडे बघून म्हणाली, "आमाला काय कळतंय, असं म्हणू व्हय? डबा मागं जाईल माझा." आणि जमनाबाईसाठी हात वर केला.

अधिकाऱ्यांना डब्याचं काही कळलं नाही. मला कळलं. चार विरुद्ध तीन असं मी रजिस्टरात लिहिलं. मग खिडकीबाहेरच्या काकांकडे पाहिलं. आयुष्यात एकदाच ते हळू बोलले असतील तर तेव्हाच, कारण त्यांचे ओठ हलताना मला दिसले, पण आवाज आला नाही.

जमनाबाईची पहिली ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. इतकी माणसं मी गावात कधी पाहिली नव्हती. बायका तर पन्नासाच्या वर, पुढं बसलेल्या. जमनाबाईनं सभा उघडतानाच सांगितलं, "ज्याला बोलायचं त्यानं हात वर करायचा. मी नंबर दीन तसं बोलायचं." लोकांनी ते असं मानलं, जणू ग्रामसभेचा हाच जुना रिवाज होता. रस्त्याचं झालं, हातपंपाचं झालं.

काका मागं हार घेऊन बसले होते. सकाळपासून नवा सदरा घालून, आंघोळ करून. भुवया खरोखरच पांढऱ्या निघाल्या. त्यांना जमनाबाईचा सत्कार करायचा होता आणि चार शब्द बोलायचे होते. त्यांनी ते शब्द मला तीनदा ऐकवले होते. शेवटी त्यांना राहवेना. ते उठले, हार घेऊन थेट पुढं आले आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू झाले, "गावकऱ्यांनो..."

"काका," जमनाबाई म्हणाली, "थांबा. नंबर तुमचा न्हाई."

ज्या माणसामुळे ती त्या खुर्चीत बसली होती त्याला ती चारचौघांत थांबवत होती. काका तिच्या ओठांकडे बघत राहिले.

"तुमच्या आधी आबांचा हात वर हाय," ती म्हणाली.

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. पांढऱ्याशुभ्र धोतरात आबा डाव्या कोपऱ्यात बसले होते आणि त्यांचा हात खरंच वर होता. किती वेळापासून होता कुणास ठाऊक. चाळीस वर्षं ज्यांना बोलण्यासाठी कुणाला विचारावं लागलं नव्हतं, ते आबा तांड्यावरच्या एका बाईनं आपल्याकडे बघावं म्हणून हात वर करून थांबले होते.

काकांनी आबांच्या हाताकडे पाहिलं, मग जमनाबाईकडे पाहिलं. आणि तिथंच, बायकांच्या पुढं, मातीत बसले. हार मांडीवर ठेवला. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"बराबर," ते म्हणाले. "आबा, बोला तुमी. मी हाय तुमच्या मागं."